सिंगापूरला साडेअकरा तासांचा थांबा: आई-बाबांनी काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६३ वर्षांची, बाबा ६८ चे. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास, मुंबईहून मेलबर्नला मुलीकडे. रात्री मुंबईहून निघून सकाळी पावणेआठला सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरायचं आणि पुढचं विमान संध्याकाळी सव्वासातला. मध्ये साडेअकरा तास. आईचे गुडघे दुखतात, बाबांना मधुमेह आहे, इंग्रजी वाचता येतं पण बोलायला संकोच वाटतो. नातेवाईक म्हणतात, एवढा वेळ आहे तर सिंगापूर बघून घ्या. मुलगी म्हणते, लाउंजमध्ये, म्हणजे विमानतळावरच्या आरामात बसायच्या खास दालनात, बसवून ठेवू. नेमकं काय करावं?

मी ठाण्यात विमानाची तिकिटं काढून देण्याचं काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत मुलांकडे निघालेले आई-वडीलच जास्त असतात. त्यामुळे आधी उत्तर देते, कारणं मागाहून सांगते. जाताना सिंगापूर शहरात जाऊ नका. लाउंजच्या खुर्चीतही दिवस काढू नका. विमानतळाच्या आतलंच हॉटेल सहा तासांसाठी घ्या, दोघांना आडवं होऊन झोपू द्या आणि उरलेला वेळ आतल्या आत, सावकाश हिंडण्यात जाऊ द्या. बाहेर पडण्याची हौस परतीच्या प्रवासात भागवता येईल. त्याबद्दल शेवटी लिहिते.

आता कारण. तिकिटावरच्या वेळा बाजूला ठेवा आणि आई-बाबांच्या शरीराचं घड्याळ बघा. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. सकाळचे पावणेआठ म्हणजे त्यांच्या शरीराला पहाटेचे सव्वापाच. आदल्या दिवशी शेवटची बांधाबांध, देवाला नमस्कार, शेजाऱ्यांच्या भेटी, मग विमानतळावरच्या रांगा. विमान सुटल्यावर जेवण येतं, ते उरकून दिवे मालवेपर्यंत दीड-दोन तास जातात. साडेपाच तासांच्या प्रवासात खरी झोप लागली तर दोन-अडीच तास, तीही बसल्या बसल्या. आणि पुढचं विमान पुन्हा रात्रीचंच: सव्वासातला निघून साडेसात तासांनी, मेलबर्नच्या पहाटे उतरणार. म्हणजे लागोपाठ दोन रात्री खुर्चीत. त्या दोन रात्रींच्या मध्ये पाठ टेकायला मिळणारी एकमेव जागा म्हणजे चांगी. मेलबर्नला उतरल्यावर पहिले चार दिवस सुजलेले पाय आणि चढलेलं डोकं घेऊन काढायचे की नाही, हे बऱ्याच अंशी इथे ठरतं.

साडेअकरा तास ऐकून घाबरू मात्र नका. मुलांना वाटतं की थांबा जितका कमी तितका आई-बाबांना त्रास कमी. माझा अनुभव उलटा आहे. सव्वा तासाच्या थांब्यात पहिलं विमान अर्धा तास उशिरा आलं की दुखऱ्या गुडघ्यांनी पळापळ करावी लागते, बाथरूमला जायलाही वेळ नसतो. मोठ्या थांब्यात उशीर झाला तरी जीव टांगणीला लागत नाही.

हे सगळं ज्या एका गोष्टीवर उभं आहे ती आधी तपासा: दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरखाली, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकाखाली, आहेत का? तसं असेल तर मुंबईतच दोन्ही बोर्डिंग पास मिळतात आणि बॅगा थेट मेलबर्नला जातात. काउंटरवर बॅगेला जी पट्टी लावतात तिच्यावर एमईएल (MEL, म्हणजे मेलबर्न) ही अक्षरं दिसली पाहिजेत. सोबत कोणी नसेल तर बाबांना आत्ताच सांगून ठेवा, की काउंटर सोडण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: हातात चार बोर्डिंग पास आणि प्रत्येक बॅगेवर एमईएल. दुसरा पास मिळाला नसेल तर काउंटरवरच विचारायचं. तो सिंगापूरला ट्रान्सफर काउंटरवरही मिळू शकतो, पण तो कुठून घ्यायचा हे मुंबईतच कळलेलं बरं.

स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर गोष्ट अगदी वेगळी होते. मग सिंगापूरला इमिग्रेशन, म्हणजे देशात शिरतानाची पासपोर्ट तपासणी, पार करून बाहेर यावं लागतं, बॅगा उचलाव्या लागतात, पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि त्यासाठी सिंगापूरमध्ये प्रवेशाची परवानगी लागते. पहिलं विमान रखडून दुसरं चुकलं तर जबाबदारी कोणीच घेत नाही. पहिल्यांदा निघालेल्या वडीलधाऱ्यांना असं तिकीट मी काढून देत नाही, चार-सहा हजार वाचत असले तरी.

व्हीलचेअरचं आता बघू, कारण तिचा निर्णय आजच घ्यायला हवा. आईला लांब चालवत नसेल तर ती जरूर घ्या आणि निदान दोन दिवस आधी विमान कंपनीला कळवा. पण मोठ्या थांब्यात एक अडचण असते. उतरल्यावर माणूस व्हीलचेअर घेऊन येतो, एका ठरलेल्या जागी आणून बसवतो आणि पुढच्या विमानाच्या वेळेला न्यायला येतो. मधले दहा तास माणसं तिथेच बसून राहतात, कारण उठलो तर आपल्याला विसरतील अशी भीती वाटते. म्हणून उतरल्या उतरल्या तिथल्या कर्मचाऱ्याला स्पष्ट सांगायचं की आम्हाला आतल्या हॉटेलात सोडा, आणि पुन्हा कुठे व किती वाजता भेटायचं ते लिहून घ्यायचं. हे वाक्य इंग्रजीत कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये द्या. बोलण्याचा संकोच असला तरी कागद पुढे करायला कोणी लाजत नाही. आई घरात, बाजारात नीट चालत असेल आणि भीती फक्त वाट चुकण्याची असेल, तर व्हीलचेअर मागू नका. खरी गरज असलेल्यांना खुर्च्या कमी पडतात. वाट दाखवायला माणूस मिळेल का, हे विमान कंपनीला वेगळं विचारता येतं.

आणि खरं सांगायचं तर चांगीवर वाट चुकणं अवघड आहे. तिथे चार टर्मिनल आहेत आणि गेटच्या पहिल्या अक्षरावरून टर्मिनल कळतं. ए आणि बी म्हणजे टर्मिनल ३, सी आणि डी म्हणजे टर्मिनल १, ई आणि एफ म्हणजे टर्मिनल २, जी म्हणजे टर्मिनल ४. पहिल्या तीन टर्मिनलांमध्ये स्कायट्रेन नावाची छोटी, बिनचालकाची गाडी सतत फिरते, फुकट. एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला काही मिनिटं लागतात. चौथं टर्मिनल जरा लांब आहे, तिथे बसने जावं लागतं. मुंबईहून मेलबर्नला एकाच तिकिटावर जाणाऱ्यांचा संबंध बहुधा २ आणि ३ शीच येतो. हे अक्षरांचं गणित बाबांना घरीच शिकवा. एकदा ते कळलं की गेट बदललं तरी माणूस गोंधळत नाही.

उतरल्यावर काय क्रमाने करायचं ते लिहिते. विमानातून बाहेर पडलं की लोकांच्या लोंढ्याबरोबर जायचं नाही. बरेच जण सिंगापूरलाच उतरणारे असतात आणि ते इमिग्रेशनकडे वळतात. आपल्याला 'ट्रान्सफर' किंवा 'ट्रान्झिट' लिहिलेल्या पाट्यांमागे जायचं आहे. इमिग्रेशनची रांग दिसली तर समजायचं की चुकीकडे आलो, मागे फिरायचं. मग आधी बाथरूम, दात घासणं, तोंडावर पाणी. यासाठी ब्रश आणि छोटा पंचा हातातल्या पिशवीत वरच ठेवा. मग विमानांच्या वेळांचा मोठा फलक गाठून आपल्या विमानाचा नंबर शोधायचा. सकाळी आठला संध्याकाळचं गेट लागलेलं नसतं, त्याने घाबरायचं नाही. तरीही हे आधी करायचं, कारण फलक कुठे आहे आणि कसा वाचायचा हे झोपेआधी कळलं की संध्याकाळी धांदल होत नाही.

त्यानंतर हॉटेल. चांगीत इमिग्रेशनच्या आत, म्हणजे सिंगापूरमध्ये प्रवेश न करता राहता येईल अशी ट्रान्झिट हॉटेलं आहेत. खोली तासांच्या हिशेबाने, साधारण सहा तासांच्या टप्प्याने मिळते. तिकीट पक्कं झालं की लगेच आरक्षण करा, कारण सकाळच्या वेळी खोल्या भरलेल्या असतात. आरक्षण करताना हॉटेल 'ट्रान्झिट' भागातलं आहे ना, याची खात्री करा. विमानतळाच्या नावाने दिसणारी काही हॉटेलं इमिग्रेशनच्या बाहेर आहेत, ज्युएल या इमारतीतलंसुद्धा. तिथलं आरक्षण झालं तर आई-बाबांना आतून तिथे जाताच येणार नाही. खोली छोटी असते, काही खोल्यांना खिडकीही नसते, पण स्वच्छ पलंग आणि अंघोळीची सोय असते. खर्च काही कमी नसतो. तरी ज्या पैशांत तुम्ही दोघांना शहर फिरवून दमवणार होता ते इथे घाला.

नऊला खोलीत शिरायचं, तीनला बाहेर यायचं. अंघोळ आधी करायची, म्हणजे झोप लागते. फोनवर गजर लावायचा आणि शिवाय रिसेप्शनवर उठवायला सांगून ठेवायचं. फोन सिंगापूरची वेळ दाखवतो आणि बाबांचं मनगटी घड्याळ भारताची, यात भल्याभल्यांचा घोळ होतो. माझा सल्ला असा की मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवरच राहू द्या, ते औषधांसाठी. विमानाच्या वेळेसाठी फक्त विमानतळावरची घड्याळं आणि फलक बघायचे.

हॉटेल जमलंच नाही, तर टर्मिनलमध्ये पाय पसरून पडता येईल अशा आरामखुर्च्यांच्या फुकट जागा आहेत, त्यांना स्नूझ लाउंज म्हणतात. लवकर पोहोचलं तर जागा मिळते. दोघांनी आळीपाळीने झोपायचं, पासपोर्टची पिशवी पोटाशी. चांगीत वातानुकूलन जोरात असतं, मोजे आणि शाल हातातच हवी. ती मोठ्या बॅगेत टाकून मेलबर्नला पाठवू नका.

पैसे देऊन प्रवेश मिळणारी लाउंजं आहेत, पण त्यांत साधारण ठरावीक तासच बसता येतं आणि पलंग नसतो. खाणं आणि अंघोळ यापुरतं ठीक. क्रेडिट कार्डावर लाउंज फुकट मिळतं म्हणून मुलं निश्चिंत होतात. ते कार्ड बाबांच्या नावाचं आणि परदेशात चालणारं आहे का, सोबतच्या माणसाला त्यावर घेतात का, हे आधी बघून ठेवा.

खाण्याबद्दल जरा मोकळेपणाने लिहिते, कारण आमच्याकडच्या माणसांचे हाल इथेच होतात. पहिली गोष्ट तिकिटातली. विमानातलं शाकाहारी जेवण आधी नोंदवावं लागतं, निदान एक दिवस आधी. यादीत 'हिंदू मील' असं नाव दिसतं आणि लोक ते शाकाहारी समजून निवडतात. त्यात गोमांस नसतं एवढंच, चिकन, मटण किंवा मासा असू शकतो. आई शाकाहारी असेल तर 'एशियन व्हेजिटेरियन' निवडा, कांदा-लसूण चालत नसेल तर 'जैन'. दोन्ही विमानांसाठी वेगवेगळं नोंदलं गेलंय का, तेही पाहा.

चांगीवर पोटभर खायला मिळतं, पण 'भाज्यांच्या नूडल्स' म्हणून जे येतं त्यात अंडं, माशाचा किंवा कालवांचा सॉस असण्याची शक्यता खूप. तिथला आवडता नाश्ता म्हणजे भाजलेल्या पावाला लोणी आणि काया नावाचा हिरवट-पिवळा गोड मुरंबा लावलेला टोस्ट. नारळाचा आहे म्हणून आई हौसेने घेईल, पण कायामध्ये अंडं असतं. अंडं चालत असेल तर जरूर खा, खोबऱ्याची चव लागते आणि छान लागतो. सोबत तेह मागायचा, म्हणजे दूध घातलेला चहा. तो आटवलेल्या गोड दुधाचा असतो आणि आपल्या टपरीवरच्या चहाच्या जवळ जातो. बाबांसाठी मात्र 'तेह ओ कोसोंग' म्हणायचं: दूध नाही, साखरही नाही. पिण्याचं पाणी ठिकठिकाणी फुकट भरता येतं. रिकामी बाटली जवळ ठेवा.

यापेक्षा सोपा उपाय घरचा डबा. दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, कोरडी चटणी. हे मुंबईच्या सुरक्षा तपासणीत अडत नाही. दही, पातळ लोणचं, आमटी यांच्या फंदात हातातल्या सामानात पडू नका, पातळ पदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा असते. दुपारी तीनला झोपून उठल्यावर एखाद्या बाकावर बसून घरची दशमी खाल्ली की दोघांनाही तरतरी येईल. पण तो डबा चांगीवरच संपवायचा. ऑस्ट्रेलियात खाण्याच्या वस्तूंची तपासणी फार कडक आहे. उतरण्याआधी जे कार्ड भरायला देतात त्यावर जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ आणि औषधं जाहीर करावी लागतात. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला मोठा दंड बसतो. ताजी फळं, कढीपत्ता, पेरायच्या बिया नेऊच नका. विमानात मिळालेलं सफरचंदही खिशात घालून उतरायचं नाही. चांगीवर उरलेला डबा रिकामा करून, पुसून पिशवीत ठेवला की मेलबर्नला एक चिंता कमी.

मधुमेहाचं बघा. सगळी औषधं, निदान आठवडाभर जास्तीची, हातातल्या पिशवीत मूळ पाकिटांत ठेवा, सोबत डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी. इन्सुलिन असेल तर ते मोठ्या बॅगेत कधीच टाकायचं नाही, विमानाच्या सामानाच्या भागात ते गोठू शकतं. पूर्वेकडे जाताना दिवस लहान होतो. मुंबई ते मेलबर्न साडेचार तासांचा फरक आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या उन्हाळ्यात तिथली घड्याळं पुढे असल्याने साडेपाच. त्यामुळे दोन डोसांमधलं अंतर कसं ठेवायचं ते डॉक्टरांना प्रवासाच्या वेळा दाखवून विचारून घ्या आणि तक्ता भारताच्या वेळेत लिहा. झोपेच्या नादात जेवण चुकून साखर उतरू नये म्हणून चार बिस्किटं आणि गोड गोळ्या किंवा साखर बाबांच्या खिशातच असू द्या. झोपायच्या आधी काहीतरी खायचं, हा नियम करा.

पायांचंही तेवढंच महत्त्वाचं. दोन विमानं मिळून तेरा तास बसणं आहे आणि या वयात बसून बसून पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. चांगीवर बराच भाग गालिच्याचा आहे, दुखऱ्या गुडघ्यांना तो फरशीपेक्षा बरा. सरकते पट्टे आहेत. दहा मिनिटं चालायचं, दहा मिनिटं बसायचं. जागोजागी पायांना मालिश करणारी यंत्रं ठेवलेली आहेत, तीही फुकट. आईला गाठी किंवा शिरा फुगण्याचा त्रास असेल तर यंत्रात पाय घालण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं असावं.

आता हिंडणं. तीनला उठून, खाऊन, साडेतीनला निघायचं. बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण मी दोनच गोष्टी सुचवेन.

पहिली, टर्मिनल ३ मधली फुलपाखरांची बाग. ट्रान्झिटच्या आतच आहे, तिकीट नाही. जाळीचा दरवाजा ढकलून आत गेलं की वातानुकूलनाची थंडी एकदम मागे पडते आणि कोकणातल्या श्रावणासारखी दमट, उबदार हवा अंगाला लागते. चष्म्यावर वाफ धरते, ती पुसून घ्यायची. मध्ये छोटा धबधबा, वर चढायला जिना, पण आईने वर जायची गरज नाही. खालीच फुलपाखरांसाठी अननसाच्या फोडी ठेवलेल्या असतात, त्यांच्याजवळ थांबायचं. फुलपाखरं सोंड उलगडून रस ओढत असतात आणि माणूस वीतभर अंतरावर आला तरी उडत नाहीत. शेजारी काचेआड कोश टांगलेले असतात. नशीब असेल तर एखादं नुकतं बाहेर आलेलं, पंख वाळवत बसलेलं दिसतं. अर्धा-पाऊण तास सहज जातो. उजेड असतानाच जायचं, संध्याकाळी फुलपाखरं पानांखाली जाऊन बसतात.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. २०१९ मध्ये उघडलेल्या ज्युएल या काचेच्या घुमटाखालचा ४० मीटर उंचीचा धबधबा प्रसिद्ध आहे, पण ती इमारत इमिग्रेशनच्या बाहेर आहे. तरीही टर्मिनल २ आणि ३ यांच्यामध्ये धावणारी स्कायट्रेन ज्युएलच्या पोटातून जाते आणि डब्यातून तो धबधबा समोर दिसतो. ना व्हिसा लागतो, ना तिकीट. जाताना एकदा आणि येताना एकदा बघायचा. टर्मिनल २ ला उतरलात तर तिथल्या सूर्यफुलांच्या गच्चीवर पाच मिनिटं उन्हात उभं राहा. दिवसाचा उजेड डोळ्यांना मिळाला की नव्या वेळेशी शरीर लवकर जुळतं. फुकट सिनेमाचं छोटं थिएटरही आहे, पण अंधारात बसलं की पुन्हा डुलकी लागते. ते मी तरुणांना सुचवते.

सव्वापाचपर्यंत फिरणं आटपायचं आणि पुन्हा फलक बघायचा. आता गेट लागलेलं असेल. घोषणा ऐकू येईल या भरवशावर बसू नका, फलकच बघत राहा. टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सुरक्षा तपासणी गेटच्या तोंडाशीच होते. म्हणजे तिथे पोहोचलं की पुन्हा बॅग स्कॅन, पुन्हा पाण्याची बाटली रिकामी. तपासणीनंतरच्या बैठकीत बाथरूम असेलच असं नाही, म्हणून आत शिरायच्या आधी जाऊन यायचं. सव्वासहाला गेटपाशी असलं म्हणजे झालं. मुंबईत ड्युटी फ्रीमधून अत्तर किंवा दुसरं पातळ काही घेतलं तर ते इथे अडकू शकतं. घ्यायचंच असेल तर मुंबईत नको, चांगीवर आणि शेवटी.

फोनचं थोडक्यात. चांगीचं वायफाय फुकट आहे, पण ते जोडताना बाबा अडखळले तर माहितीच्या काउंटरवर फोन पुढे करायचा, तिथली माणसं जोडून देतात. त्याहून बरं म्हणजे निघण्याआधी दोघांपैकी एकाच्या फोनवर आंतरराष्ट्रीय रोमिंगचा छोटा पॅक घालणं. सिंगापूरचे प्लग तीन जाड, चपट्या पिनांचे असतात, अडॅप्टर द्या. फोन चांगीवरच पूर्ण चार्ज करायचा, कारण विमानात पॉवर बँक वापरायला आता बऱ्याच कंपन्या मनाई करतात. पॉवर बँक मोठ्या बॅगेतही टाकायची नाही, ती हातातच. आणि मुलांना एक विनंती: दर अर्ध्या तासाला फोन करू नका. उतरल्यावर एक, उठल्यावर एक, गेटवर एक, असे तीन निरोप ठरवा. मधल्या वेळेत आई-बाबा झोपलेले असतील, त्यांना झोपू द्या.

आता परतीच्या प्रवासाबद्दल, जिथे बाहेर पडायला माझी हरकत नाही. तोवर दोघं सरावलेले असतील, आणि परतीचा थांबा दिवसा सात-आठ तासांच्या वर असेल तर सिंगापूर थोडं बघता येईल. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. पण ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान अशा काही देशांचा वैध व्हिसा असलेल्या आणि तिसऱ्या देशात ये-जा करताना थांबणाऱ्या भारतीयांसाठी ९६ तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत आहे. तिच्या अटी आहेत: पुढचं पक्कं तिकीट हवं, त्या व्हिसाची निदान महिनाभर मुदत शिल्लक हवी, एकाच प्रवेशाच्या व्हिसाला वेगळे नियम लागतात, आणि शेवटचा निर्णय इमिग्रेशन अधिकाऱ्याचा. मेलबर्नमध्ये सहा महिने राहून निघताना व्हिसाची मुदत संपत आलेली असते, आणि नेमकी इथेच गफलत होते. परतीच्या तारखेला महिना उरतो का, हे आत्ताच मोजा. उरत नसेल तर सिंगापूरचा व्हिसा रीतसर काढा.

ट्रान्झिट प्रवाशांसाठी चांगीची अडीच तासांची फुकट शहर सहलही आहे. थांबा निदान साडेपाच तासांचा लागतो आणि प्रवेशाची परवानगी भारतीयांना तिथेही लागतेच. बसमधून फिरवतात, वेळेत परत आणतात. वडीलधाऱ्यांना मी स्वतःहून भटकण्यापेक्षा हीच सुचवते. स्वतः जायचंच असेल तर विमानतळावरून मेट्रो घेऊन पुढच्याच एक्स्पो स्टेशनवर उतरा, तिथून डाउनटाउन लाइन थेट लिटल इंडियाला नेते. पाऊण तास-तास धरा. सेरंगून रोडवर १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास आहे, शुद्ध शाकाहारी. महिनोन्‌महिने परदेशात काढून परतणाऱ्या आईला तिथला डोसा आणि कॉफी बरी वाटेल. दुपारी उकाडा फार असतो आणि पाऊस न सांगता येतो, छत्री घ्या. विमानाच्या वेळेआधी तीन तास विमानतळावर परत.

बाबांना तंबाखूची सवय असेल तर बाहेर पडताना पुडी जवळ नको. चघळायची तंबाखू, गुटखा, खैनी यांवर सिंगापुरात बंदी आहे.

आणि बाहेर पडायचं ठरलं तर सिंगापूर अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत. ते सिंगापूर सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतं. शोधताना पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांची रांग आधी दिसते, तिथे कार्डाचा नंबर टाकू नका. जाताना आई-बाबा ट्रान्झिटमधून बाहेर पडणार नसतील, तर त्या वेळी हे कार्ड भरायची गरज नाही.